गच्चीवरची काच

लोडशेडिंगमुळे हावड्याच्या माझ्या कारखान्यातली यंत्रं बंद होती, म्हणून फोन ऐकू तरी आला. बालीगंजहून माधवच्या घरून वहिनी बोलत होत्या. "भाऊजी, हे सकाळी गच्चीवर निघाले होते... जिन्यातच बसले. उठलेच नाहीत." या गोष्टीला आता दीड महिना झाला. अजूनही रविवारी कुणी दार लोटलं की वाटतं, आला छळवादी.

माधव सरकारी अधिकारी, मुंबईहून बदलून आलेला आणि इथेच रमलेला. तेलाचे भाव भडकले तेव्हा इंधनाच्या नव्या युक्त्यांना अनुदान द्यावं की नाही, हे ठरवणाऱ्या समितीत तो होता. मी उन्हावर पाणी तापवणारी पेटी केली होती. ॲल्युमिनियमची चौकट, वर काच, आत काळ्या रंगवलेल्या तांब्याच्या नळ्या. अनुदान मिळतं तर बुडता कारखाना सावरला असता, आणि समितीत तर माझा जिवलग मित्र, त्यामुळे मी अगदी निर्धास्त होतो. माधवने एवढंच विचारलं, "तापवेल किती ते कळलं. आधी घातलं किती?" काचेच्या भट्टीला कोळसा, तांबं गाळायला कोळसा, ॲल्युमिनियमला तर वीजच वीज. दोन-तीन पावसाळ्यांत मोडीत जाईपर्यंत पेटी जेवढी ऊब देणार, त्याहून जास्त ती जन्माला येतानाच खाऊन बसली होती. अर्ज नामंजूर. मी भडकलो. "घरची शेगडी पेटवताना मोजतोस का रे?" तो शांतपणे म्हणाला, "मोजतो. गोवऱ्यांसकट."

आणि पुढच्याच रविवारी हा माणूस माझ्या दारात हजर. बाह्या सरसावून म्हणाला, "चल, हिची भूक कमी करू." मग किती रविवार गेले देव जाणे. पाडलेल्या घरांच्या जुन्या खिडक्यांची चौकट केली, मोडीतल्या नळ्या जोडल्या, आणि नवी पेटी त्याच्याच गच्चीवर चढवली. ती आणणाऱ्या ट्रकचं डिझेलसुद्धा त्याने हिशेबात धरलं. घातलेलं सगळं तिने परत दिलं, की तो स्वतः ती समितीपुढे नेणार होता. पण आम्ही दोघे शहाणे एक गोष्ट विसरलो. सकाळ-संध्याकाळ घरोघरच्या शेगड्यांचा धूर त्या काचेवर बसायचा आणि पाणी तापायचंच नाही. म्हणून माधव रोज वर जाऊन काच पुसू लागला. पुढे डॉक्टरांनी जिने चढायला बंदी केली, वहिनी रडल्या, मी शिव्या घातल्या. "अजून दोन हिवाळे," म्हणायचा, "मग फिटलं."

परवा गेलो तेव्हा वहिनींनी पाय धुवायला पाणी दिलं. "कोमटच येतं हो हल्ली," एवढंच म्हणाल्या. मी वर गेलो. तीन जिने चढताना मलाही धाप लागली. काच काजळीने काळी झाली होती आणि त्याचं फडकं खिळ्याला वाळून कडक झालं होतं. ते भिजवून काच पुसत राहिलो. मला त्याचा फार राग आला, आणि रडूही आलं. कोळसा धरला, डिझेल धरलं, गोवऱ्या धरल्या... रोज वर चढणारा माणूस तेवढा धरला नाही. त्याला धरलं तर ही पेटी कधीच फिटायची नाही.

फडकं धुऊन मी पुन्हा त्याच खिळ्याला अडकवलं.