उतारावरची घरघर

ती घटना मी विसरलो, असं अनेक वर्षं सांगत आलो. ते खोटं आहे.

उत्तनकडच्या उतारावर भरदुपारी एका पिकअपने सायकलवाल्याला उडवलं. तो जागीच गेला, गाडी पळाली. साक्षीदार एकच, जवळच्या पाली गावातली मासळी विकणारी म्हातारी. नंबर तिला वाचता येत नव्हता. म्हणाली, "पांढरी गाडी व्हती. मागच्या चाकात घरघर, जात्यावानी." ती आणखी बरंच बोलत होती. मी कामापुरतं जबाबात घेतलं आणि अंगठा उठवला.

चौथ्या दिवशी खबऱ्याचा फोन आला. शांती नगरात भाजी उतरवणारी पांढरी पिकअप मागून घरघरते. ड्रायव्हर रत्नागिरीचा, तिशीतला. बंपरला पोचा. मला तेवढं पुरलं.

चौकशीत त्याचं एकच पालुपद. "साहेब, माझी गाडी रेस दिल्यावर आवाज करते, सोडली की गप्प. उतारावर आम्ही डिझेल वाचवायला न्यूट्रल मारतो. म्हातारीला विचारा ना, गाडी रेसमध्ये होती का?"

"मला तपास शिकवतोस?" म्हणून मी त्याच्या डाव्या कानाखाली मारली. एकदा नाही, तीनदा. स्टेशन डायरीत ही नोंद नाही. म्हणून इथे करतोय.

गाडी तपासायला गॅरेजवाला मिस्त्री बोलावला. मला शेजारी बसवून त्याने एक फेरी मारली. रेस दिली की घरघर, न्यूट्रल केली की शांत.

"साब, चाक का बेअरिंग गया होता तो न्यूट्रल में भी बोलता. ये क्राऊन-पिनियन है, पिछले एक्सल का गियर, रेस पे ही रोता है. आदमी झूठ बोलेगा, गाडी नहीं."

मी पालीला गेलो. म्हातारी सुकट पसरत होती.

"अरं, तवाच सांगितलं व्हतं की. इंजन गप व्हतं, गाडी नुसती घरंगळत व्हती, तरी घरघर. तूच लिवलं न्हायस. तुला घाई."

मग गॅरेजं पालथी घातली. घटनेनंतर मागच्या चाकाचं बेअरिंग कोणी बदललं, एवढंच विचारत. तिसऱ्या ठिकाणी गाडी सापडली, तिच्या ड्रायव्हरने कबुली दिली. मला शाबासकी मिळाली. रत्नागिरीवाल्याला सोडलं, तेव्हा हात त्यानेच जोडले.

जबाब पुरता लिहा, असं पुढे हाताखालच्या प्रत्येकाला बजावलं. का, ते कधी सांगितलं नाही.

मुदतीआधीच नोकरी सोडली. त्यानंतर तो रत्नागिरीवाला मीरा रोड स्टेशनबाहेर दिसला. पिकअप उभी, हा बाजूला. मी हाक मारली तर भलतीकडेच पाहू लागला. मग त्याने मला ओळखलं. "उजवीकडून बोला साहेब. डावा कान गेलाय. गाडी घरघरते ते कळतं, पण पुढून की मागून, ते आता मिस्त्रीला विचारावं लागतं."

मी जागचा हललो नाही. त्याच्या डाव्या बाजूलाच उभा राहून, हळू आवाजात, माफी मागितली. त्याला ऐकू जाणार नाही, हे मला ठाऊक होतं.