साडेसहाचा बोअर

एकही बंदूक विकत न घेता बंदुकीपायी इतक्या लोकांचा छळ केलेला माणूस माझ्या थोरल्या साडूंखेरीज अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. मूळचे गंगापूरकडचे, बागायतदार घरातले. नोकरी मात्र जमीनमोजणीच्या खात्यात झाली. उभा जन्म दुसऱ्यांचे बांध मोजण्यात गेल्यामुळे असेल, पण निवृत्त झाल्यावर त्यांना लांबचं काहीतरी नेमकं गाठायची ओढ लागली. रायफल क्लबात नाव घातलं, तिथल्या रायफलीनं पन्नास मीटरवरचा कागद एकदा बरोबर मधोमध भेदला, आणि त्या दिवसापासून हजार मीटरच्या खाली बोलणं त्यांना कमीपणाचं वाटू लागलं. शिकारीचं नाव काढलेलं मात्र खपायचं नाही. अंडंसुद्धा न खाणारा माणूस. त्यांना फक्त कागदावरचा काळा ठिपका हवा होता.

स्वतःच्या रायफलीसाठी त्यांनी परवान्याचा अर्ज आणला. त्यात ‘बोअर’ असा एक रकाना होता, म्हणजे नळीचा व्यास लिहायचा. त्या एका रकान्यानं आमची तीन वर्षं खाल्ली. पॉइंट टू-टू लिहावी, तर “ती पन्नास मीटरातच दमती.” थ्री-नॉट-एट लिहावी, तर “खांद्याला लई लाथ मारती.” साडेसहा मिलिमीटरवर त्यांचा जीव होता, कारण ती म्हणे वाऱ्याला दाद देत नाही, पण तिच्या गोळ्या मिळतील का, या काळजीनं ते पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. गोळी लांब जाताना कशी खाली झुकते, हे त्यांनी मला भर पंगतीत आमटीच्या धारेनं दाखवलं होतं. धार शेजारच्या पाहुण्यांच्या जिलेबीवर पडली, आणि साडू म्हणाले, “बघा, वाऱ्याचा हिशेब चुकला.” क्रांती चौकात तर त्यांनी स्कूटर थांबवून, लांबच्या एका फलकाचं अंतर काढण्यासाठी एक डोळा मिटला. मध्ये एक बाई उभ्या होत्या. हे मोजणी खात्यात होते, एवढं पटवून देता देता माझा घसा कोरडा पडला.

घर बायपासच्या पलीकडच्या नव्या वसाहतीत. घर बांधलं तेव्हा गच्चीवरून थेट डोंगरापर्यंत मोकळं रान दिसायचं, आणि नेम तिकडे धरायची परवानगी कधीच मिळणार नाही हे ठाऊक असूनही साडूंनी तिथे साखळीनं हजार मीटर मोजून ठेवले होते. पुढच्या वर्षी मध्ये रो-हाउसेस आली. “आठशेवर आलं,” ते खिन्नपणे म्हणाले. मग एक मंगल कार्यालय उभं राहिलं आणि साडेपाचशे राहिले. शहर वाढत होतं, तसतसा त्यांचा व्यास बदलत होता.

पाऊस मात्र ओळीनं दोन वर्षं फिरकला नव्हता. आठ दिवसांनी टँकर यायचा. साडूंची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला मीही ताईच म्हणतो, दुखऱ्या गुडघ्यानं पाइप ओढायची, पिंपं भरायची. दारात बोअर घ्या म्हणून ती मागे लागली होती. “यंदा पडंल पाऊस,” एवढंच साडू म्हणत. गाठीला पुंजी एकच होती. तिच्यात एक तर रायफल येणार होती, नाही तर पाणी. ताईनं बोलणं टाकलं होतं.

एका रविवारी सकाळी मी फाटकात शिरत होतो. टँकरपाशी अख्खी गल्ली जमली होती, ताईसुद्धा. तेवढ्यात साडू ओट्यावर आले आणि आनंदानं ओरडले, “पाहुणे, ठरलं! साडेसहाचाच बोअर!”

ताईनं हातातली बादली खाली ठेवली. क्षणभर नवऱ्याकडे बघितलं आणि मग गल्लीकडे वळून म्हणाली, “ऐकलं का वो? आमचे हे बोअर घ्यायलेत! साडेसहा इंची!”

एकच गलका झाला. कुणी साडूंचा हात हातात घेतला, कुणी नारळ आणायला धावलं. शेजारच्या म्हाताऱ्या काकूंनी तर त्यांच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. साडू मला कोपऱ्यात घेऊन गेले. “पाहुणे, आता काय करावं?”

“खरं सांगून टाका, दादा.”

“कसं सांगू? तिचं तोंड बघितलं नाय का तुम्ही? दोन वर्षांनी हसली ती.”

तीन वर्षं एक रकाना न भरलेल्या माणसानं चार दिवसांत बोअरची गाडी दारात उभी केली. दोनशे फुटांपर्यंत नुसती पांढरी भुकटी. तीनशेलाही भुकटीच. साडू पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसत होते. बोअर कोरडा गेला असता तर या घरात रायफलही नसती आणि पाणीही. साडेतीनशेच्या आसपास भुकटीचा रंग बदलला, चिखल आला आणि मग पाण्याचा फवारा सगळ्यांच्या अंगावर उडाला. साडू तिथंच पाइपावर बसले. “सुटलो, पाहुणे,” म्हणाले. मीही सुटलो होतो, हे कबूल करतो.

संध्याकाळी त्यांनी मला बजावलं, “तिला कधी कळू देऊ नका. लई वाईट वाटंल तिला.” मी मान डोलावली आणि हात धुवायला स्वयंपाकघरात गेलो. ताई चहा गाळत होती. मी सहज म्हणालो, “साडेसहा इंचीच असतो वाटतं बोअर?”

“व्हय, इंचीच,” ती हसली. मग दाराकडे बघून हळूच म्हणाली, “तीन वर्षं यांच्या ताटापाशी बसून मिलिमीटर ऐकला मी, मला नाय का कळणार? गुडघा लई दुखायला लागला होता, पाहुणे. म्हणलं, आज नाय तर कधीच नाय.” गाळणं तिच्या हातातच राहिलं. “त्यांना नका सांगू. आणि ते रायफलीचं बोलत राहिले तर ऐकून घेत जा. आता त्यांचं ऐकायला दुसरं हाय कोण?”

तेव्हापासून मी दर रविवारी जातो. ताई दोन्ही हातांनी पाणी वापरते, आणि साडू मला साडेसहा मिलिमीटरचे गुण सांगतात. मी एकदाही मध्येच उठलेलो नाही.