बेवारस डब्याचा मालक

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. एका गुन्ह्यातला आरोपी आठवतो आणि पंच भलत्याच गुन्ह्यातले. हे एक प्रकरण मात्र आजही सकाळच्या हजेरीपासून संध्याकाळपर्यंत जसंच्या तसं सांगता येतं. खरं तर त्यातलं डब्याचं प्रकरण गुन्हा म्हणून कधी नोंदलंच गेलं नाही.

बारामती आणि इंदापूर यांच्यामधल्या पट्ट्यात एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. उसाचा हंगाम ऐन भरात होता. हंगामात आमचं निम्मं काम ट्रॅक्टर आणि त्यामागच्या दोन-दोन ट्रॉल्यांचं. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, लाल कापडाऐवजी उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला बांधलेला. टायर फुटला की चाकाखाली दगड लावून चालक ट्रॉली रस्त्यातच सोडून जातो. आठवड्याला एखादा दुचाकीवाला मागून धडकतो. आम्ही पंचनामा करतो, प्रेत ग्रामीण रुग्णालयात पाठवतो आणि अकस्मात मृत्यूच्या रजिस्टरला नोंद घेतो. इतकी सवय झालेली की पंचनाम्याचा मजकूर हवालदाराला तोंडपाठ होता.

त्या दिवशी सकाळी हजेरी चालू असताना एसटी थांब्यावरच्या चहावाल्याचा फोन आला.

"सायेब, बाकड्यावर येक डबा पडलाय. काल सांजच्यापासनं हितंच हाय. वायरी लोंबत्यात आन् तांबडा दिवा लुकलुकतोय."

मी स्वतः गेलो. शाळेच्या दप्तराएवढा पत्र्याचा डबा, तीन रंगांच्या वायरी आणि खरोखरच लुकलुकणारा दिवा. थांबा रिकामा केला, एसटी बाहेरच्या रस्त्याने वळवल्या, जवळची शाळा सोडून दिली आणि नियंत्रण कक्षाला कळवलं. पुण्याहून बॉम्बशोधक पथक निघालं. बॉम्ब म्हटल्यावर माणसं लांब पळतात, असं म्हणतात. आमच्याकडची माणसं मोटारसायकलवर तिघे-तिघे बसून बॉम्ब बघायला आली. त्यांना दोरीच्या मागे ठेवता ठेवता माझी माणसं घामाघूम झाली. वरिष्ठांचा दर दहा मिनिटांनी फोन, सोबत कॅमेरेवाले, आणि न बोलावता आलेले तीन पुढारी.

तासाभरात ठाण्याला दुसरा फोन आला. नाव न सांगता एक जण म्हणाला, "तसला डबा काल मिस्त्रीच्या दुकानात बघितलाय."

हा मिस्त्री विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरायचा, म्हणजे आतली तांब्याची तार नव्याने गुंडाळून द्यायचा. बापाच्या काळापासून दुकान. पंचक्रोशीत अशी विहीर नसेल जिच्या मोटारीला या बापलेकांचा हात लागला नाही. गावात सगळे त्याला मिस्त्रीच म्हणायचे. त्या सकाळी मात्र लोक पहिल्यांदाच त्याला पूर्ण नावाने, आडनावासकट बोलू लागले. तो मुसलमान होता, हे गावाला माहीत होतंच. त्या दिवशी ते गावाच्या नव्याने लक्षात आलं.

मी त्याला ठाण्यात आणलं. मोबाईलवरचा डब्याचा फोटो पाहून त्याला हायसं वाटलं.

"ह्यो व्हय! सायेब, ह्यो मोटारीचा स्टार्टर हाय. आत शिमकार्ड आन् बॅटरी आस्तीया. मोबाईलवरनं चालतो."

दुसरं काहीही बोलला असता तर बरं झालं असतं. मोबाईलवरनं चालतो म्हटल्यावर खोलीतले सगळे ताठ झाले. स्थानिक गुन्हे शाखेचा अधिकारी बारामतीहून येऊन बसला होता. त्याने दार लावून घेतलं.

"कुणाचा डबा?"

"पळसदेवच्या तात्यांचा. काल दुरुस्त करून दिला. बुडाला मार्करनं नाव लिवलंय, आमी समद्याच डब्यांवर लिवतो. उचलून बघा की."

उचलून बघा! सबंध तालुक्यात ते काम करायला एक माणूस तयार नव्हता. तो म्हणाला, "मग मी उचलतो." तेही मी करू देणं शक्य नव्हतं. तात्यांचं खरं नाव काय, तर माहीत नाही. पळसदेवात तात्या पन्नास असतील. त्यांचा मोबाईल लावला, तर बंद.

मालक गायब आणि फोन बंद. माझ्या मनातही पाल चुकचुकली, खोटं कशाला सांगू? मी टेबलावर हात आपटला आणि त्याला अरे-तुरे केलं. वयाने तो माझ्याहून मोठा होता. आजही ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

तेवढ्यात दुकानासमोरून शिपायाचा फोन आला. दोनशे माणसं जमली होती, शटरला दगड लागले होते. पुढे होता तो एक तरुण बागायतदार, चार ट्रॅक्टरांचा धनी. तो ओरडत होता, "आज शटर फोडायचं, उद्या ह्येला गावात ठिवायचा न्हाय!" दुकानाच्या मागच्याच खोलीत मिस्त्रीची बायको आणि सून होती. मी सहा माणसं तिकडे पाठवली. त्याहून जास्त माझ्याकडे उरली नव्हती. पथक यायला अजून दीड तास होता आणि दीड तासात शटर टिकणार नव्हतं.

मिस्त्रीने फोनवरचं सगळं ऐकलं होतं. तो म्हणाला, "सायेब, माझं काय करायचं ते करा. घरच्या बायामान्सांना हिकडं आणा."

मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो आणि पुन्हा पहिल्यापासून, या वेळी नीट विचारलं. तात्या दिसतात कसे? काय घातलं होतं? काही खूण?

"म्हातारं न्हाईत, पन्नाशीचं आस्तील. पांढरा पायजमा. डाव्या हाताला करंगळी न्हाय. गुऱ्हाळाच्या चरकात गेली म्हनत्यात."

माझं पेन थांबलं. ती नसलेली करंगळी मी आदल्या संध्याकाळी पाहिली होती. ग्रामीण रुग्णालयात, चादरीच्या बाहेर आलेल्या हातावर.

मी रजिस्टर मागवलं. दिवेलागणीला उभ्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळून इसम जागीच मयत. राहणार पळसदेव. ओळखीची खूण, डाव्या हातास करंगळी नाही. मोबाईल फुटलेल्या अवस्थेत. अर्धं पान, आणि खाली माझी सही. जिल्ह्यातलं पोलीस दल सकाळपासून ज्याच्या मागावर होतं, तो आमच्याच शवागारात शवविच्छेदनाची वाट बघत होता.

मी रजिस्टर काखेत मारून दुकानासमोर गेलो आणि जीपच्या बॉनेटवर चढून, डबा याच माणसाचा आहे असं सांगत, ती नोंद मोठ्याने वाचून दाखवली. ओळख त्यांच्याच तोंडून यावी म्हणून नाव वगळलं, गाव आणि करंगळी सांगितली. पळसदेवचे दोघं-तिघं गर्दीत होते, त्यांनी ओळखलं. "आरं, आपलं तात्या!" गर्दी पांगायला पाच मिनिटं लागली नाहीत. दुपारी पथकाने डबा उघडला. बुडाला मार्करने लिहिलं होतं, 'तात्या, पळसदेव'.

मिस्त्रीची कोणीही माफी मागितली नाही. मी मागायला हवी होती. मी म्हणालो, "चहा घेऊन जा." तो म्हणाला, "नको सायेब, घरी वाट बघत आस्तील."

दोन दिवसांनी जबाबासाठी पळसदेवला गेलो. तात्यांच्या पत्नीने सांगितलं की ते लेकीला एसटीत बसवायला थांब्यावर गेले होते. खिडकीतून पिशव्या देण्याच्या गडबडीत डबा बाकड्यावर राहिला. पुढे त्या जे बोलल्या ते मी जबाबात घेतलं नाही.

"डब्यापायी येवढी फौज आली, सायेब. टीव्हीवर दिसली. आमचा माणूस पडला तितं येकच हवालदार आलता, आन् ट्रॉली तर दुसऱ्या दिवशी सकाळपातुर तितंच हुती. वाढं बांधून."

मी जबाबाचा कागद मिटला आणि उठलो. दुसरं काय करणार?

त्यानंतर मी पुष्कळ विचार केला. बॉम्ब कोणीतरी ठेवतो. आपल्याला मारायचं हे ठरवून ठेवतो, म्हणून त्याची चीड येते, भीती वाटते, आणि ती वाटलीच पाहिजे. अपघाताला मात्र आपण नशीब म्हणतो आणि मनात म्हणतो, मी असतो तर जपून चालवली असती. इथपर्यंत कुणालाही सुचेल. पण ठाण्यात बसून मला आणखी एक गोष्ट दिसली. बॉम्ब ठेवणारा नेहमी परका असतो, निदान तसं समजायला सोपं जातं. ट्रॉली आपली असते. चुलत्याची, मेव्हण्याची, नाहीतर ज्याच्याकडे उद्या ऊस घालायचा त्याची. तिच्यावर दगड कोण मारणार?

ट्रॅक्टरचालकावर मी निष्काळजीपणाने मृत्यूला कारणीभूत झाल्याचा गुन्हा दाखल केला. मग पुढच्या सोमवारपासून रस्त्यावर उभा राहिलो आणि रिफ्लेक्टर नसलेली प्रत्येक ट्रॉली बाजूला घेतली. दुपारपर्यंत मैलभर रांग लागली. थांब्यावर आलेले ते तीन पुढारी पुन्हा आले. या वेळी म्हणाले, हंगाम आहे, जरा दमानं घ्या. संध्याकाळपर्यंत माझ्या बदलीची भाषा सुरू झाली.

रांगेत तो बागायतदारही होता, शटर फोडायला निघालेला. त्याच्या चारही ट्रॅक्टरांच्या चाव्या मी काढून घेतल्या. तो लालबुंद झाला.

"सायेब, आमाला असं रस्त्यात अडवताय. आमी काय अतिरेकी हाय का?"

तेव्हा मी पावती फाडून त्याच्या हातात दिली. उत्तर निवृत्त झाल्यावर सुचलं. नाही बाबा, तू अतिरेकी नाहीस. असतास तर तात्या गेले त्या संध्याकाळीच सबंध गाव तुम्हा ट्रॉलीवाल्यांना शोधायला बाहेर पडलं असतं.