पाया पडून परत केलेल्या टोपल्या

मालूबाई माझी धाकटी जाऊ. तिच्याबद्दल कोणी चांगलं बोलायला लागलं की मी आधी ऐकून घेते, मग म्हणते, बाई, तुम्ही तिच्यासोबत एका चुलीवर काही वर्षं काढा आणि मग बोला. हट्टी आहे. भाजीत मीठ कमी पडलं तर तोंडानं सांगणार नाही, पण दुसऱ्या दिवशी माझ्या आधी उठून भाजी फोडणीला टाकून मोकळी. पण निंबोल्यातल्या आम्हा बायकांच्या हाताला आज बारा महिने काम आहे ते तिच्यामुळे, हे मी नाकारत नाही. नाकारून जाऊ कुठे, मीही तिथंच काम करते.

आमच्याकडे जिकडे पाहाल तिकडे केळीच्या बागा. घड कापून नेला की मागे खांब उरतो आणि तो बांधावर पडून सडतो. काही वर्षांपूर्वी त्या खांबातून धागा काढायची मशीन गावाला मिळाली, पंचायतीनं एक खोली दिली आणि बायकांचा समूह झाला. धागा वाळवायचा, त्याची वेणी घालायची आणि वेणी गोल गोल फिरवत शिवत गेलं की टोपली तयार. समूहाची अध्यक्ष कोण, तर मालू. मी तिच्याहून मोठी, पण मला कोणी विचारलं नाही. असो.

मालूला ते काम का हवं होतं ते मला ठाऊक आहे. आमची दोघींची घरची बाग आहे, पण एवढीशी. कापूस फुटला की दुसऱ्यांच्या शेतात वेचायला जावं लागायचं. पिकअपमध्ये उभ्यानं जायचं, दिवसभर वाकायचं, बोंडाच्या टोकांनी बोटं सोलून निघायची. मालूनं तिचा पोरगा समाधान बांधावरच्या झोळीत वाढवला. एकदा त्याला ऊन लागलं, डोळे फिरवले पोरानं, आणि तेव्हापासून तिनं मनात धरलं होतं की आपल्या सुनेवर ही पाळी येऊ द्यायची नाही. समाधानचं लग्न झालं, पूर्णिमा घरात आली, तिला मुलगी झाली. मालूला त्या नातीच्या झोळीसाठी छप्पर पाहिजे होतं, बाकी काही नाही.

बऱ्हाणपूरची तृप्ती मॅडम आमच्या टोपल्या घ्यायची. शहरात तिचं दुकान आहे आणि इंदूरकडेही माल पाठवते. दोन दिवाळ्यांमागे तिनं पहिल्यांदा मोठं काम दिलं. मिठाईवाल्यांना दिवाळीच्या भेटीसाठी टोपल्या पाहिजे होत्या, आत मिठाई ठेवून वर चमकता कागद. आम्ही सगळ्या हरखलो. भर पावसाळ्यात कामाला बसलो.

आता इथं आमच्या गावची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मालू गावची सून. समूहातली एक बाई तिची चुलतसासू लागते, एक मावससासू, एक नणंद, आणि मी तर सख्खी जाऊ. सुनेनं मोठ्या बाईच्या कामाला नाव ठेवायचं नसतं. आम्ही टोपल्या आणून ठेवायचो आणि मालू, अध्यक्ष असली तरी, "छान झाल्या, बाई" म्हणून पोत्यात भरायची. पावसात धागा नीट वाळलेला नव्हता. तिला ते बोटाला कळत होतं. पण चुलतसासूला ओला धागा कसा म्हणणार? घरी तोंड दाखवायचं असतं.

माल गेला आणि दिवाळीच्या तोंडावर सगळाच्या सगळा परत आला. टोपल्यांवर काळे ठिपके, आणि वास असा की मिठाईलाही लागला म्हणे. पोती खोलीसमोर उतरवून टेम्पोवाला निघून गेला. सगळ्या एकमेकींकडे पाहायला लागल्या आणि मग जिची तिची सबब सुरू झाली. कोणी म्हणे मशीन खराब, कोणी म्हणे मिठाईवालाच चोर. माझ्या टोपल्या चांगल्या होत्या, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगते. खोलीला कुलूप लागलं. आठवड्याभरात पूर्णिमा डोक्याला फडकं बांधून, पोर काखेत घेऊन वेचणीच्या पिकअपमध्ये चढली. मालू ओट्यावर उभी राहून पाहत होती. गाडी गेल्यावर ती आत आली आणि ढसाढसा रडली. मी तिला इतक्या वर्षांत असं रडताना पाहिलं नव्हतं. मी चहा टाकला.

बाकीच्या बायका म्हणाल्या, ती पोती होळीत टाका, पीडा जाईल. मालूनं टाकू दिली नाहीत. घरी आणली आणि अंगणात एकेक टोपली काढून बसली. नाकाला लावायची, बोटानं दाबायची, वेणी उसवून आतला धागा पाहायची. माझे दीर, सुपडूभाऊ, वैतागले. म्हणाले, झालं गेलं ते आता चिवडून काय मिळणार आहे? ती म्हणाली, झालं गेलं म्हणूनच पाहते, होऊन गेलेल्याला आता कोणी लपवत नाही.

पाहता पाहता तिला उमगलं. ज्या टोपल्या पावसाची झड लागण्याआधीच्या धाग्याच्या होत्या त्यांना काही झालं नव्हतं. जो धागा झडीत काढला तो वरून वाळल्यासारखा दिसायचा, पण वेणीच्या पोटात ओल राहायची. कोणाची टोपली कोणती हे तिला विचारावं लागलं नाही. आमच्यात हात ओळखू येतो. पण तिनं कोणाचं नाव घेतलं नाही. फक्त एवढं म्हणाली की यापुढे धागा वैशाखाच्या उन्हात काढायचा, वाळवून माळ्यावर ठेवायचा आणि पावसाळ्यात नुसती वेणी घालायची.

मग ती तृप्ती मॅडमच्या दुकानी गेली. दोनदा बाई भेटलीच नाही, तिसऱ्यांदा भेटली. मालूनं सबब सांगितली नाही. चूक कुठं झाली ते सांगितलं आणि एक काम मागितलं. बाईनं थोड्या टोपल्यांचं दिलं, तेही पुढच्या दिवाळीसाठी, आणि बजावलं की या वेळी बिघडलं तर निंबोल्याचं नाव काढायचं नाही. इकडे सरपंचही टपून राहिले होते. दिवाळीपर्यंत काम दिसलं नाही तर मशीन दुसऱ्या गावच्या समूहाला जाणार होती. म्हणजे या एवढ्या टोपल्या नीट गेल्या तर खोली राहणार, नाहीतर पूर्णिमाची पिकअप कायमची.

आमचा उन्हाळा कसला असतो ते सांगायला नको. दुपारी कुत्रं बाहेर पडत नाही. मालू आणि पूर्णिमा त्या उन्हात धागा काढत होत्या, दोरीवर टाकत होत्या, पालथा करत होत्या. दोन-तीन जणी गेल्या मदतीला. मी नाही गेले. मला ऊन सोसत नाही, आणि खरं सांगायचं तर मला तिचं ते पटतही नव्हतं. ताजा धागा नरम असतो, त्याची वेणी सुरेख पडते. माझ्या आईनं केळीच्या वाळक्या सोपटाचे दोर वळले, मला कोणी धागा शिकवायचा? पावसाळ्यात मी आपला ताजा धागा काढून घेतला आणि माझ्या टोपल्या केल्या. दिसायला सगळ्यांत देखण्या झाल्या.

माल द्यायच्या दिवशी सकाळीच सगळ्या खोलीत जमलो. मालू जमिनीवर बसली होती, पदर डोक्यावरून घेतलेला. एकेक टोपली हातात घ्यायची, दाबायची, वास घ्यायची. चुलतसासूच्या दोन टोपल्या तिनं बाजूला ठेवल्या. ठेवण्याआधी उठली, म्हातारीच्या पाया पडली, मग ठेवल्या. म्हातारीला कळेना आशीर्वाद द्यावा की शिवी. मग माझ्या टोपल्यांची पाळी आली. मालूनं एक घेतली, नाकाला लावली. दुसरी घेतली. उठली, माझ्याजवळ आली, वाकून माझ्या पायांना हात लावला आणि म्हणाली, "आक्का, या जाणार नाहीत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्यांसमोर, आणि धाकट्या जावेनं. मी तिला नको नको ते बोलले. घरातलं, माहेरचं, सगळं काढलं. ती खाली मान घालून ऐकत राहिली, पण टोपल्या काही पोत्यात घातल्या नाहीत.

तेवढ्यात तृप्ती मॅडमची गाडी आली. मोजायला लागली तर माल कमी. तिचा चेहरा उतरला, दुकानदारांना शब्द दिलेला. तिची नजर बाजूला ठेवलेल्या ढिगावर गेली. माझीच टोपली उचलली तिनं, उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, "अरे, ही तर सगळ्यांत सुंदर आहे. मालूबाई, चलता है. दिवाळीत कोण वास घेत बसतं? द्या या पण."

मी मालूकडे पाहिलं. मनात म्हटलं, आता बोल. खोलीतल्या सगळ्या तिच्याकडे पाहत होत्या. घेणारीच घ्यायला तयार, मग देणारीचं काय जातं? पूर्णिमा पोरीला मांडीवर घेऊन दारात बसली होती.

मालू म्हणाली, "मॅडम, गेल्या साली मीही मनात हेच म्हटलं होतं, चालून जाईल. नाही चाललं. आज तुम्ही हसून न्याल, आणि परत आल्या तर आम्हाला दार नाही. कमी न्या, पण या नेऊ नका."

तृप्ती मॅडम चिडली. हिंदीत काहीतरी पुटपुटली, होत्या तेवढ्या गाडीत भरल्या आणि दार आपटून गेली. तिच्यामागे खोलीत जे झालं ते सांगण्यासारखं नाही. चुलतसासू म्हणाली, ही आमचं वाटोळं करणार. मी माझ्या टोपल्या उचलल्या आणि घरी आले. मालूशी बोलणं टाकलं. एका अंगणात राहून न बोलणं अवघड असतं, पण मी निभावलं.

दिवाळी आली. घरी फराळ झाला, पण कोणाचं लक्ष नव्हतं. फोन वाजला की पूर्णिमा धावायची. सरपंचांचा माणूस खोलीत डोकावून मशीन पाहून गेला. मी सगळं पाहत होते. माझ्या एका टोपलीत मी शंकरपाळे भरून ठेवले होते, पाहुण्यांसमोर काढले, एक तोंडाजवळ नेला आणि सगळे परत आत नेऊन ठेवले. का नेले ते कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

भाऊबीज झाली आणि तृप्ती मॅडम स्वतः आली. फोन केला नाही, आली. या वेळी एकही टोपली फिरून आली नव्हती. लग्नसराईसाठी तिला अजून पाहिजे होत्या, इंदूरच्या एका दुकानासाठीही पाहिजे होत्या. म्हणाली, त्या दिवशी गाडीत बसून मी तुमच्यावर फार रागावले, पण घरी गेल्यावर विचार केला की जी बाई आपला माल स्वतः अडवते तिचा माल मला उघडून पाहावा लागणार नाही. पूर्णिमा तोंडाला पदर लावून आत पळाली. मालू नुसती हसली. मीही ओट्यावरून ऐकत होते, आणि खरं सांगते, मला आनंद झाला. राग होताच, पण आनंदही झाला.

दुसऱ्या दिवशी मीटिंग. मी जाणार नव्हते, पण सगळ्या गेल्या म्हणून गेले. कोपऱ्यात बसले. मालू उभी राहिली आणि म्हणाली की काम वाढणार, तर माल तपासायला एक बाई कायमची पाहिजे. मला वाटलं, स्वतःचंच नाव घेईल.

ती म्हणाली, "मी धाकटी सून आहे. मला प्रत्येकीच्या पाया पडून मग नाही म्हणावं लागतं, त्यात अर्धा दिवस जातो. आक्का थोरल्या आहेत, एक-दोन सासवा सोडल्या तर त्यांना कोणाच्या पाया पडायचं नाही. आणि तोंडावर बोलायला त्या कोणाला भीत नाहीत, हे तर सगळ्यांना माहीत आहे."

बायका फिसकन हसल्या. चुलतसासू सुद्धा हसली. मला समजेना चिडावं की काय करावं. म्हटलं, मला काही तुमची नोकर व्हायचं नाही. कोणी ऐकलं नाही. चुलतसासूनं सरळ माझ्यासमोर पाट सरकवला आणि बसवलं.

वैशाखात आम्ही सगळ्यांनी धागा वाळवला. मीही गेले, डोक्यावर ओलं फडकं टाकून, कुरकुरत. आता माल माझ्या हाताखालून जातो. पहिल्या दिवशी ढीग समोर आला, तर वरच माझी एक टोपली होती. मागच्या पावसाळ्यातल्या ताज्या धाग्याची एक उरलेली, घाईत मीच आणून टाकलेली. सगळ्यांत देखणी. सगळ्या आपापल्या वेणीत गुंतल्या होत्या, पूर्णिमाची पोर झोळीत झोपली होती, माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मी ती नाकाला लावली. परत लावली. मग बाजूला ठेवली.

मालूनं पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि आपली सुई ओवत राहिली.