माझ्या दारात वाजवायचं न्हाय

कमलकाकूला कुणी भांडखोर म्हटलं की माझं डोकं फिरतं. तिच्या दारासमोर माझं शिवणयंत्र आहे. खिडकीतून तिचं अंगण दिसतं, म्हणून जे घडलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. गावात लोक अर्धंच सांगतात, आणि तेही उत्तरेश्वरच्या चहाला जागून.

आमचं गाव कळंबच्या अलीकडं. आमची गल्ली पुढं बंद होते. शेवटचं घर उत्तरेश्वरचं, त्याला लागून कमलकाकूचं, मधली भिंत दोघांची एकच. उत्तरेश्वर तिचा चुलत दीर. दहा-बारा जनावरं, दारात जीप, आणि त्या भिंतीला टेकवून बसवलेली, चारा बारीक करायची कडबाकुट्टीची मशीन. ती सुरू झाली की काकूच्या फडताळातली भांडी थरथरायची.

काकूचा नवरा बब्रुवानकाका म्हणजे बोलायचं दुकान. बाजारातून मेथीची जुडी आणली तरी तिची हकिकत अर्धा तास चालायची. काकू चुलीपुढं बसून हुंकार द्यायची, मधेच "लई झालं, जेवा आता" म्हणायची, आणि जेवताना स्वतःच विचारायची, "मग फुडं काय झालं?" पोरगी लातूरला दिलेली. घरात दोघंच, पण बाहेरून वाटायचं पाहुणे आलेत.

अशा माणसाला लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. आम्हाला त्यांचं बोलणं नुसतं घरघर वाटायचं. काकूला मात्र कळायचं. ती ओठांजवळ कान न्यायची आणि आम्हाला सांगायची, "तुज्या पोराला शाळेत घातलं का इचारत्यात." अख्ख्या गावात त्यांचं बोलणं कळणारी ती एकटीच, आणि तिलाही शांतता असली तरच कळायचं.

म्हणून ती उत्तरेश्वरकडं गेली. मशीन पलीकडच्या भिंतीला घ्या म्हणाली. तो म्हणाला, "वहिनी, माझ्या घरात माझी मशीन. जनावरं काय उपाशी ठिवू?" ती पोलीस पाटलाकडं गेली, सरपंचाकडं गेली. दोघांनी एकच सांगितलं : भावकीतलं आहे, घरात मिटवा. घरात मिटलं असतं तर बाई चावडीवर कशाला आली असती? पण हे विचारणार कोण!

तक्रार केल्याचा राग उत्तरेश्वरनं मशीनवर काढला. आता ती कडब्याशिवायही चालायला लागली. रिकाम्या मशीनचा आवाज वेगळा असतो, पात्याला चावायला काही नसलं की ती नुसती किंचाळते. हे मला कळायचं, काकूला कळायचं, आणि तो गोठ्यात उभा राहून तंबाखू मळायचा. माणूस इतका नीच कसा होतो, हे मला अजून समजलेलं नाही.

काका गेले त्या दिवशी ऊन उतरायला लागलं होतं. पलीकडं मशीन चालू. काकूनं मला मागून सांगितलं, काकांनी डाव्या हातानं तिचा पदर ओढला आणि बोलायला लागले. काकूनं कान लावला, काही ऐकू येईना. पुन्हा लावला. ती उठून पळत बाहेर आली आणि उत्तरेश्वरच्या पत्र्याच्या फाटकावर दोन्ही हातांनी बडवायला लागली. "बंद करा हो भावजी! ते बोलायलेत!" मी यंत्र सोडून धावले. उत्तरेश्वरनं वळून पाहिलं आणि थांब म्हणून हात केला. पेंढी संपवली आणि मग बटण दाबलं. काकू परत आत गेली तोवर सगळं संपलं होतं.

आमच्याकडं माणूस गेलं की त्या घरावर दुखवटा असतो. भावकीतल्या थोरल्यानं स्वतः साडी घेऊन यायचं, घरातल्यांना गोड घास भरवायचा, मग तो निघतो. तोवर त्या दारापुढं हलगी नाही, बँड नाही, काही नाही. काकांच्या मागं भावकीत थोरला उत्तरेश्वरच. पण साहेबांना वेळ नव्हता. त्यानं गड्याच्या हाती साडी पाठवली! काकूनं पिशवी न उघडता परत दिली. गडी दारातच घुटमळला, तशी म्हणाली, "जा बाबा, तुजा काय दोष न्हाय."

उत्तरेश्वर हसला. पारावर म्हणाला, "घेतली न्हाय तर न्हाय. माझं काय अडतंय?"

काकू शेतात जायची, यायची. गणपतीची मिरवणूक आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबून मुकाट परत फिरली. लक्ष्म्यांचा सण आला तसा गेला. मी एकदा म्हटलं, "काकू, किती दिवस?" ती म्हणाली, "त्याच्या घरात लगीन निघंस्तोवर." तिच्या तोंडावर मी त्या दिवशी पहिल्यांदा हसू पाहिलं. आणि खरं सांगते, मलाही बरं वाटलं.

लग्न निघालं. त्याचा एकुलता रणधीर, नवरी सृष्टी, कळंबची. उत्तरेश्वरनं लातूरहून डीजे ठरवला आणि गावभर सांगत सुटला की असली वरात कुणी बघितली नसेल. मग गावातल्या म्हाताऱ्या आबांनी त्याला पारावरच थांबवलं. "उत्तरेश्वरा, वरात कुठनं नेणार? वहिनीचा दुखवटा तूच काढला न्हाईस." त्याच्या बायकोनं तर हायच खाल्ली. दुखवट्याच्या दारावरून वाजत सून आणायची म्हणजे अपशकुन, आणि गल्लीला दुसरी वाट नाही.

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, ते उघडलं. उत्तरेश्वर भारीतली साडी आणि पेढे घेऊन आला, सोबत आबा. काकूनं सतरंजी टाकली, पाणी दिलं. मला तिनं मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

"वहिनी, झालं गेलं सोडून द्या," तो म्हणाला. "मशीन म्या उद्याच हलवतो."

"हलवू नका. आता मला काय करायचंय?" काकूचा आवाज अगदी साधा होता. "साडी घेते म्या. पेढाबी खाते. एक सांगा फकस्त. त्या दिवशी ते काय म्हणत व्हते?"

उत्तरेश्वर आबांकडं बघायला लागला. "मला कसं ठावं असंल, वहिनी?"

"मलाबी ठावं न्हाय. चाळीस वर्सं त्यांचं समदं ऐकलं म्या, आन् शेवटचं तुमी ऐकू दिलं न्हाय. ते सांगा आन् खुशाल वाजवा."

आबा म्हणाले, "कमल, पोराच्या तोंडाकडं बघ." ती म्हणाली, "पोरगं गुणाचं हाय, आबा. अक्षता टाकाया येईन म्या. पण माझ्या दारात वाजवायचं न्हाय." उत्तरेश्वरनं हात जोडले. ती साडीला हात न लावता उठली आणि शेंगा फोडायला लागली.

वरातीच्या दिवशी मारुतीच्या देवळापासून डीजे नुसता धडधडत होता. गल्लीच्या तोंडाशी तो बंद झाला. नाचणारी पोरं गप झाली. सजवलेली जीप हळूहळू आत आली, मागं पाहुणे, सगळे खाली माना घालून. मयतीला चालावं तसे लोक चालत होते आणि पुढं फेटा बांधलेला उत्तरेश्वर. मी खिडकी सताड उघडली. मला ते सगळं बघायचं होतं.

काकू दारात उभी होती. जीप थांबली. रणधीर उतरला, मागोमाग नवरी, दोघं तिच्या पाया पडले. काकूनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"सुखानं ऱ्हावा," ती म्हणाली. "आन् बाप बोलतोय तोवर ऐकून घेत जा रे, बाळा. मागनं लई कान लावावा वाटतो."

हळूच बोलली ती, पण पार मागच्या पाहुण्यांपर्यंत ऐकू गेलं. उत्तरेश्वर तिथंच उभा राहिला, त्याला पुढं जाता येईना की मागं. फेट्याचा शेमला डोळ्याला लावून तो रडायला लागला, भर वरातीत, व्याह्यांसमोर.

मला त्याची जरासुद्धा दया आली नाही.