पाय धुतलेला जावई

मुलगी झाल्याचा निरोप लाकडाच्या डेपोतल्या फोनवर आला तेव्हा मी आलापल्लीला सागाच्या ओंडक्यांवर रंगाने आकडे टाकत होतो. तसाच निघालो. ब्रह्मपुरीकडच्या सासुरवाडीला नेणारी जीप वाटेत पंक्चर झाली, आणि बाप झाल्याच्या जोरात मी म्हणालो, चाक मी बदलतो. म्हणजे बदललं ड्रायव्हरनेच. मी गळ्यातल्या दुपट्ट्याने नट पुसून पुसून देत राहिलो.

अंगणात पोचताच मेहुणीने रीतीप्रमाणे पाय धुवायला पाणी दिलं. मी ऐटीत टाचा घासल्या आणि खोलीच्या दारात जाऊन दोन्ही हात पुढे केले.

सासूबाईंनी बाळ छातीशी ओढलं. "हात धुतले काय, जावईबापू?"

"पाय धुतले ना."

"मंग पायानं घेता काय लेकीले?"

आतून बायको फिसकन हसली. सासूबाई हसल्या नाहीत. थोरल्या मुलीचं तान्हं त्यांच्या मांडीवर जुलाबाने गेलं होतं. तेव्हापासून साबण लावल्याशिवाय बाळाजवळ कुणाचीच डाळ शिजत नसे. मला हे ठाऊक होतं. पण जावयाला कोण अडवतं, अशी माझी समजूत.

बोरिंगवर गेलो. दांडा हापसून धावत तोटीपुढे यावं, तर धार गायब.

"भाऊजी, पाण्यासंग लपाछपी खेळून राह्यले काय?" म्हणत मेहुणी आली आणि तिने हापसलं. मी नखं, बेचक्या, मनगटं, सगळं घासलं. मग हात दुपट्ट्याला झकास पुसले. हो, त्याच.

सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "परत."

परत धुऊन आलो तोवर बाळ झोपलं होतं. आता कशालाच हात लावायचा नाही म्हणून दोन्ही हात वर धरून बसलो. समोर चहा निवत होता.

"पोलिसानं पकडल्यावानी काऊन बसले?" सासऱ्यांनी विचारलं.

शेवटी बाळ कुसमुसलं. सासूबाईंनी माझे हात उलटसुलट पाहिले, वास घेतला, आणि मग ते इवलंसं गाठोडं माझ्या हातात दिलं. मी भीतभीत गालाला बोट लावलं, तर लेकीने तोंड वळवून ते सरळ चोखायलाच घेतलं. घाबरून मी सासूबाईंकडे पाहिलं.

त्या माझा निवलेला चहा उचलत म्हणाल्या, "राहू द्या. धुतले हायेत."