थरथरता काटा

नवापूर स्टेशनात मी पार्सलबाबू असताना तारेची लाईन तपासायला एक मिस्त्री यायचा. तारेतली वीज दाखवणाऱ्या गॅल्व्हानोमीटरचा काटा बघताना तो आम्हालाही श्वास रोखायला लावायचा. "खोकू नका भाऊ, काटा घाबरी जास!"

एकदा तो आलेला असताना वादळात तार बंद पडली. काटा नुसता थरथरत होता.

"विजेचा खेळ आहे," मास्तर म्हणाले.

मिस्त्री काट्याचे लांब-आखूड झटके मोजत टक लावून बसला. "नही मास्तर, पलीकडला तारबाबू बोली ऱ्हायना. पूल खचना. गाडी थांबाडा!"

पलीकडचा तारबाबू पूल खचल्याचं सांगतोय म्हटल्यावर मास्तरांनी गाडी रोखली. प्रवाशांनी मिस्त्रीला भरपूर शिव्या घातल्या. मग गँगमन धावत आला. पूल खरंच खचला होता. लोक हात जोडत तारखोलीत शिरले. मिस्त्रीची नजर काट्यावरच होती; काटा अजून थरथरत होता, पण आमची तार पलीकडे पोहोचत नव्हती.

"तो बिचारा आजूनबी तेच सांगी ऱ्हायना," तो म्हणाला. "त्याले कसं कळाडू, आमले ऐकू उनं म्हणून?"